साका शोधताना कोणतं सर्च इंजिन? एका संध्याकाळची तपासणी

हापूस कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर निघाला तर तो साका. वरून फळ चांगलं दिसतं, त्यामुळे पत्ता लागतो तो गिऱ्हाइकाच्या घरीच. याची कारणं नेटवर शोधायला बसलं की इंजिनागणिक उत्तरं बदलतात. किती बदलतात, हे एका संध्याकाळी वहीपेन घेऊन मोजता येतं.

आधी इंजिनं निवडा, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. गूगल आणि बिंग यांचा इंडेक्स, म्हणजे वाचून साठवलेल्या पानांची सूची, स्वतःची आहे. ब्रेव्हचीही स्वतःची आहे. मोजीकचीही आहे, पण ती बरीच लहान. डकडकगोचे साधे निकाल मात्र मुख्यतः बिंगकडून येतात, याहूचेही तसेच. स्टार्टपेज मुख्यतः गूगलचेच निकाल तुमची ओळख न सांगता आणून देतं. म्हणून बिंग आणि डकडकगो दोन्हीकडे एकच पान वर आलं, तर दोघांनी दुजोरा दिला असं धरू नका. एकाच होडीची मासळी दोन पाट्यांत भरली, एवढंच. तुलनेला गूगल, बिंग आणि ब्रेव्ह ही तीन पुरेत.

तिन्ही एकाच संध्याकाळी, एकाच नेटवर, खाजगी विंडोत आणि खात्यातून बाहेर पडून उघडा. तरीही जागेचा परिणाम पूर्ण जात नाही. मोबाइलचं नेट असेल तर तुम्ही देवगडात बसलेले असताना इंजिन तुम्हाला मुंबईतही धरू शकतं. प्रश्न आधी वहीत लिहा आणि तिन्हीकडे अक्षर न बदलता टाका. जाहिराती सोडून पहिले 10 निकाल बघा. निकालांचा जो लाखांतला आकडा कधीकधी दिसतो तो निव्वळ अंदाज असतो, तो तुलनेत धरू नका.

पहिला प्रश्न असा घ्या ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. उदाहरणार्थ, रत्ना ही आंब्याची जात कशापासून झाली? नीलम आणि हापूस यांचा संकर, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये दिलेला, आणि साका न येणारा. आता बघा, कोणतं इंजिन विद्यापीठाचं किंवा एखाद्या संशोधन संस्थेचं पान वर आणतं आणि कोणतं कलमं विकणाऱ्या नर्सऱ्यांची रांग लावतं. जिथे माहीत असलेलं उत्तर धड मिळत नाही, तिथल्या माहीत नसलेल्या उत्तरावर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

दुसरा प्रश्न शब्दांचा. नुसतं ‘साका’ देवनागरीत टाकलं तर चित्तोडचे साके (राजपुतांच्या मरेपर्यंतच्या लढाया) आणि शीख इतिहासातले साके (हौतात्म्याचे प्रसंग) पुढे येतात. रोमन लिपीत टाकलं तर आर्सेनलचा फुटबॉलपटू बुकायो साका आणि शक संवत. म्हणून तीन रूपं करा: ‘हापूस साका’, ‘आंब्यातील साका कारणे उपाय’ आणि इंग्रजी लिपीत ‘अल्फान्सो स्पाँजी टिश्यू’. शोधनिबंध तिसऱ्या रूपातच सापडतात, कारण ते इंग्रजीत लिहिलेले असतात. ‘आंब्यातील’ आणि ‘आंब्यातला’ असे दोन्ही टाकून पाहा. निकाल पार बदलले, तर त्या इंजिनाला मराठीचे प्रत्यय नीट उमगत नाहीत असं समजा.

निकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश येतो, त्याला एक सापळा लावा. जेली सीड हा वेगळा दोष आहे. त्यात कोयीभोवतीचा गर जास्त पिकून जेलीसारखा होतो. सारांशाने तो आणि साका एक केला, तर खालची पानं उघडल्याशिवाय त्यातलं काही घेऊ नका.

मग चाळण्या. इंग्रजीत साइट, लगेच कोलन, मध्ये जागा न सोडता एसी डॉट इन असं लिहिलं की बहुतांशी शैक्षणिक संस्थांची पानं उरतात. फाइलटाइप आणि कोलन यांपुढे पीडीएफ लिहिलं की पत्रकं आणि निबंध. हे तिन्हीकडे करून बघा. अवतरणचिन्हांतले शब्द गूगल बऱ्यापैकी जसेच्या तसे शोधतं. तरी फाटे फोडत असेल तर टूल्समध्ये जाऊन ‘व्हर्बॅटिम’ निवडा. डकडकगोवर जपून: तिथे शब्दाआधीच्या वजाचिन्हाचा अर्थ ‘हा शब्द वगळ’ असा नसून ‘कमी दाखव’ इतकाच आहे, आणि अवतरणातलं पुरेसं सापडलं नाही तर ते जवळपासचं काहीतरी पुढे करतं. ‘किंवा’साठी इंग्रजी ओआर मोठ्या अक्षरांतच लिहा.

गुणांकन साधं ठेवा. मूळ स्रोत असेल तर 2, स्रोत सांगून नीट समजावलं असेल तर 1, दुकान किंवा दुसरीकडून उतरवून घेतलेला मजकूर असेल तर 0. जो निकाल बाकी दोघांकडे आलाच नाही त्याभोवती गोल करा. बेरजेपेक्षा हे गोल जास्त मोलाचे, कारण दुसरं इंजिन उघडायचं ते त्यांच्यासाठीच.

साक्यासाठी आणखी एक कसोटी आहे. जुन्या पानांवर जमिनीतून परतणारी उष्णता हे कारण असतं आणि उपाय म्हणून झाडाखाली आच्छादन व फळ थोडं आधी उतरवणं. नंतर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अभ्यासांनी फळातच कोय रुजू लागण्याशी साक्याचा संबंध जोडला. एखादं इंजिन फक्त पहिलंच दाखवत असेल तर तारखेचा फिल्टर लावून पुन्हा शोधा.

तिन्ही इंजिनं कमी पडतात ती जुन्या मराठी पीडीएफांपाशी. युनिकोड (अक्षरं साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) यायच्या आधीच्या फॉन्टमधली पत्रकं पडद्यावर मराठी दिसतात, पण आतला मजकूर असंबद्ध रोमन अक्षरांचा असतो. असली पीडीएफ उघडून एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. अक्षरांचा कचरा उमटला तर मराठी शब्द टाकून ती कधीच सापडणार नाही. तिथे इंजिन बदलत बसू नका. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रकाशनांची यादी उघडा आणि एकेक फाइल हाताने चाळा.