संख्येचा मनोरा काढताय? या चुका टाळा

परिसंस्थेतल्या संख्येचा मनोरा, म्हणजे अन्नसाखळीच्या प्रत्येक पातळीवर किती जीव आहेत हे दाखवणारी आकृती, काढायला सांगितला की बहुतेक जण आधी त्रिकोण काढतात आणि मग त्यात नावं भरतात: तळाशी गवत, वर नाकतोडा, त्यावर बेडूक, टोकाला साप. गाडं इथेच अडतं. मनोऱ्याचा आकार मोजणीतून निघायला हवा. आकार आधी ठरवला तर मोजणीला काही सांगायला जागाच उरत नाही, आणि या आकृतीची सगळी मजा तर त्या सांगण्यातच आहे.

ही कल्पना मांडली ब्रिटिश परिसंस्थातज्ज्ञ चार्ल्स एल्टन यांनी, १९२७ साली. त्याआधी १९२१ मध्ये ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मोहिमेतून आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन आणि बेअर बेटावर जाऊन आले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. भक्ष्य सहसा आकाराने लहान असतं आणि भराभर वाढतं. भक्षक मोठा असतो, त्याची वीण कमी असते आणि पोट भरायला त्याला बरीच भक्ष्यं लागतात. म्हणून एकेक पायरी वर जावं तशी संख्या घटते. या विचारात दडलेली अट मात्र पुष्कळदा नजरेतून निसटते: भक्षक भक्ष्यापेक्षा मोठा असायला हवा. जिथे ही अट मोडते, तिथे आकारही मोडतो.

एका मोठ्या झाडाचंच पाहा. उत्पादक (म्हणजे स्वतःचं अन्न तयार करणारी वनस्पती) एक. त्याच्या पानांवर मावा आणि अळ्या हजारोंनी. त्यांना खाणारे पक्षी थोडे. म्हणजे तळ निमुळता, मध्ये फुगवटा, वर पुन्हा निमुळतं. त्या पक्ष्यांच्या पिसांतल्या उवा आणि उवांवर जगणारे सूक्ष्मजीव मोजले तर वरचा भाग पुन्हा रुंदावत जातो. आकृती अशी आली की घाबरून आकडे ‘दुरुस्त’ करू नका. झाड प्रचंड आहे, उवा बारीक आहेत, एवढंच ती सांगते, आणि ते खरं आहे.

दहा टक्क्यांचा नियम संख्येला लावणे

सगळ्यात जास्त आढळणारी चूक ही. १००० रोपं, १०० नाकतोडे, १० बेडूक, १ साप अशी उतरंड वहीत फार शोभून दिसते, पण तिला आधार नाही. दहा टक्क्यांचा ढोबळ नियम ऊर्जेसाठी आहे. एका पातळीतल्या ऊर्जेपैकी साधारण दहावा हिस्सा पुढच्या पातळीत पोचतो, असा त्याचा अर्थ. किती जीव पोचतात, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

पाठ्यपुस्तकांत नेहमी येणारी ब्लूग्रास गवताच्या एका एकराची मोजणी घ्या. उत्पादक सुमारे ५८ लाख ४२ हजार. त्यांच्यावर जगणारे अपृष्ठवंशी शाकाहारी सुमारे ७ लाख ९ हजार. त्यांना खाणारे कोळी, मुंग्या आणि शिकारी भुंगे सुमारे ३ लाख ५५ हजार. टोकाला पक्षी आणि जमिनीखाली राहणारे मोल मिळून फक्त ३. आता गुणोत्तरं काढा. पहिल्या पायरीवर सुमारे १२ टक्के, म्हणजे नियम खरा ठरल्यासारखा वाटतो. दुसऱ्या पायरीवर थेट ५० टक्के. तिसऱ्या पायरीवर ०.००१ टक्क्याहूनही कमी. कीटक आणि कोळी आकाराने जवळजवळ सारखे, म्हणून मधली घट कमी. कोळ्यापुढे पक्षी अवाढव्य, म्हणून शेवटी कडेलोट. पहिली पायरी नियमात बसली तो निव्वळ योगायोग.

खुद्द ऊर्जेतही दहा हा आकडा जेमतेम सरासरी आहे. हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. दर चौरस मीटरला वर्षाकाठी उत्पादकांकडे २०,८१० किलोकॅलरी, शाकाहाऱ्यांकडे ३,३६८, मांसाहाऱ्यांकडे ३८३ आणि सर्वोच्च भक्षकांकडे २१. म्हणजे पायरीगणिक सुमारे १६, ११ आणि साडेपाच टक्के. हीच टक्केवारी मोजताना कुणाला पहिल्या पायरीवर ३८ टक्के मिळाले, तर समजावं की भाजक म्हणून ८,८३३ घेतले गेलेत. ते उत्पादकांचं निव्वळ उत्पादन, श्वसनाचा खर्च वजा करून उरलेलं. बाकीचे आकडे स्थूल आहेत, म्हणजे त्यांतून हा खर्च वजा केलेला नाही. दोन्ही एकाच गणितात मिसळू नका.

प्रमाणाशिवाय काढलेल्या पट्ट्या

प्रत्येक पातळीची पट्टी तिच्या संख्येच्या प्रमाणात लांब हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. करायला बसलं की अडचण कळते. वरच्या एकरात टोकाच्या ३ प्राण्यांना १ मिलिमीटर दिला, तर तळाची पट्टी जवळपास २ किलोमीटर लांब होईल! म्हणून मग अंदाजाने पायऱ्या काढल्या जातात, आणि आकृतीतून मोजणी गायब होते.

यावर उपाय लॉग स्केलचा. दर दहापटीला १ सेंटिमीटर द्या. मग पट्ट्या तळापासून अंदाजे ६.८, ५.९, ५.६ आणि ०.५ सेंटिमीटर येतात आणि वहीच्या पानात नीट मावतात. मात्र स्केल लॉग आहे हे आकृतीखाली ठळक लिहा आणि प्रत्येक पट्टीवर खरा आकडा टाका. नाहीतर ६.८ आणि ५.९ या पट्ट्या जवळपास सारख्या दिसतात आणि उत्पादक शाकाहाऱ्यांच्या आठपट आहेत, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पट्टीची फक्त लांबी बदला, उंची सगळ्यांची सारखीच ठेवा. लांबी-उंची दोन्ही बदलली तर डोळा क्षेत्रफळ पाहतो आणि फसतो.

मोजायचं काय, कुठे आणि कधी

संख्येचा मनोरा इतर दोन मनोऱ्यांपेक्षा, म्हणजे जैवभाराच्या (सजीवांच्या एकूण वजनाच्या) आणि ऊर्जेच्या मनोऱ्यापेक्षा, सोपा समजला जातो. मला तो सर्वांत अवघड वाटतो, कारण ‘एक’ म्हणजे काय हेच आधी ठरवावं लागतं. गवताचं एक पातं, एक फुटवा की एक अख्खा ठोंब? अमेरिकेच्या युटा राज्यात ‘पांडो’ नावाचा अ‍ॅस्पेन वृक्षसमूह आहे. त्यात सुमारे ४७,००० खोडं आहेत, पण मुळांचं जाळं एक आणि जनुकीयदृष्ट्या सजीवही एकच. तळाच्या पट्टीवर १ लिहायचं की ४७,०००? दोन्ही उत्तरं चालतात. फक्त कुठलं एकक धरलं ते लिहा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

क्षेत्रफळाची चूक अधिक साधी आणि अधिक घातक. झाडोरा १ चौरस मीटरच्या चौकटीत मोजतात, पक्षी मात्र हेक्टरवर. समजा चौकटीत सरासरी २४० रोपं आणि हेक्टरभर ४ पक्षी आढळले. हे आकडे तसेच एकावर एक ठेवले तर गुणोत्तर ६० येतं. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, तेव्हा रोपं २४ लाख आणि गुणोत्तर ६ लाख. काळाचंही तसंच आहे. वनस्पती एका हंगामात आणि कीटक दुसऱ्या हंगामात मोजले, तर तो कुठल्याच क्षणाचा मनोरा राहत नाही.

उलटा जैवभार पाहून गोंधळणे

इंग्लिश खाडीतल्या एका प्रसिद्ध मोजणीत वनस्पतिप्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा) जैवभार दर चौरस मीटरला ४ ग्रॅम आणि त्यांना खाणाऱ्या प्राणिप्लवकांचा २१ ग्रॅम आढळला. चार ग्रॅमवर एकवीस ग्रॅम कसे पोसले जातात? जैवभार म्हणजे त्या क्षणी टाकीत असलेलं पाणी, नळातून दिवसभर येणारं पाणी त्यात मोजलेलं नसतं. वनस्पतिप्लवकांची पिढी दिवसांत बदलते. तयार होतात तसे ते खाल्ले जातात, म्हणून शिल्लक कमी दिसते. वर्षभराचं उत्पादन मोजलं की तळच रुंद निघतो.

म्हणूनच संख्या आणि जैवभाराचे मनोरे उलटे येऊ शकतात, ऊर्जेचा येत नाही. तुमच्या आकृतीत ऊर्जेचा मनोरा उलटा आला तर आधी एककात ‘प्रति वर्ष’ आहे का ते पाहा. नसेल, तर तुम्ही साठाच मोजला आहे. असेल, तर बाहेरून येणारं अन्न सुटलंय का ते शोधा. दाट रानातून वाहणाऱ्या ओढ्यात शेवाळ थोडं असतं आणि कीटक जगतात काठावरून गळणाऱ्या पानांवर. ती पाने हिशेबात धरली नाहीत, तर खाणाऱ्यांकडे उत्पादकांपेक्षा जास्त ऊर्जा दिसते.

एकाच प्राण्याला एकच पायरी

बेडकाचं पिल्लू बहुधा शेवाळ खरवडून खातं, प्रौढ बेडूक कीटक खातो. दोघांना एका पट्टीत कोंबू नका, पातळीप्रमाणे वेगळे मोजा. बेरी आणि पक्षी दोन्ही खाणाऱ्या कोल्ह्याचं मात्र असं वयानुसार विभाजन करता येत नाही. ऊर्जेच्या मनोऱ्यात त्याच्या आहाराचा वाटा पाहून ऊर्जा दोन पातळ्यांत वाटता येते. संख्येच्या मनोऱ्यात अर्धा कोल्हा इकडे, अर्धा तिकडे हे विचित्र दिसतं, म्हणून त्याला मुख्य आहाराच्या पातळीत ठेवा आणि तशी तळटीप द्या.

विघटकांना टोकावर बसवण्याची चूकही सर्रास होते. बुरशी आणि जीवाणू प्रत्येक पातळीतलं मृत द्रव्य वापरतात, त्यामुळे त्यांची पट्टी मनोऱ्याच्या बाजूला उभी काढतात. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये त्यांच्या वाट्याला ५,०६० किलोकॅलरी आल्या होत्या, शाकाहाऱ्यांपेक्षाही जास्त. ही पट्टी टोकावर ठेवली असती, तर २१ किलोकॅलरीच्या सर्वोच्च भक्षकांवर ५,०६० चा डोलारा उभा राहिला असता.