घरून ऑफिसचं नेटवर्क: व्हीपीएन जोडलं जातं, पण काहीच उघडत नाही तेव्हा

हा लेख दहा-पंधरा संगणक, एक राउटर आणि एक टॅली एवढ्यावर चालणाऱ्या ऑफिसांसाठी आहे. सदाशिव पेठेतली सीएंची ऑफिसं, भोसरीतले वर्कशॉप अशा ठिकाणी मी हे काम नेहमी करतो. हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत असाल तर कंपनीने दिलेलं व्हीपीएनच (घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणारा सुरक्षित बोगदा) वापरा, स्वतःचं काही बसवू नका.

राउटरवर ३३८९ पोर्ट (आत येण्याचं दार) उघडा आणि थेट रिमोट डेस्कटॉप (दूरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवण्याची विंडोजची सोय) लावा, असं सांगणारे अजूनही भेटतात. त्यांचं ऐकू नका. इंटरनेटवर उघडा असलेला हा पोर्ट सतत चाचपला जातो, पासवर्डचा मारा चालूच असतो. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या रिमोट डेस्कटॉपमधल्या ब्लूकीप त्रुटीत तर आत शिरायला पासवर्डही लागत नव्हता. पोर्टचा आकडा बदलला तरी तो शोधून काढला जातो. आधी व्हीपीएन आणि त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप, हा क्रम सोडू नका.

आता मांडणी. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कुठल्याही आकड्यांनी सुरू होत असेल तर बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा, बाहेरून दिसणारा पत्ता) घ्या. राउटरमध्ये वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) चालू करा, त्याचा यूडीपी ५१८२० हा पोर्ट उघडा, प्रत्येक माणसाला वेगळी ‘की’ (गुप्त किल्ली) द्या. ऑफिसच्या संगणकावर विंडोज प्रो हवं, कारण होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपची जोडणी स्वीकारत नाही. हे सगळं तासाभरात होतं.

खरी अडचण यापुढे येते. घरच्या लॅपटॉपवर वायरगार्ड हिरवं दिसतं, ‘ॲक्टिव्ह’ लिहिलेलं असतं आणि ऑफिसचा एकही संगणक उघडत नाही. मला यानेच सुरुवातीला सगळ्यात जास्त दमवलं. इथे लोक अँटिव्हायरस काढायला सांगतात, फायरवॉल बंद करायला सांगतात, विंडोज नव्याने टाकायला सांगतात. यातलं काहीही करू नका.

त्या हिरव्या खुणेला फारसा अर्थ नाही, ‘की’ चुकलेली असली तरी ती खूण दिसते. तिच्याखाली ‘लेटेस्ट हँडशेक’ (ऑफिसशी शेवटचा संपर्क) अशी ओळ येते का ते पाहा. येत नसेल तर दोष ‘की’मध्ये, पोर्टमध्ये किंवा वॅनच्या पत्त्यात आहे. ती ओळ येत असेल आणि तरीही काही उघडत नसेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा आणि वाय-फायच्या खालचा पत्ता वाचा. कोथरूडच्या घरात १९२.१६८.१.७ आणि ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.२० असेल, तर दोष सापडला.

होतं असं की, तुम्ही १९२.१६८.१.२० मागता आणि लॅपटॉपला वाटतं, पहिले तीन आकडे माझेच आहेत, म्हणजे हे यंत्र याच घरात आहे. तो ते घरातच शोधतो, ऑफिसकडे काही पाठवतच नाही. वायरगार्डने तोच पट्टा (पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे पत्ते) ऑफिसकडेही दाखवला की एकसारखे दोन रस्ते होतात आणि विंडोज मेट्रिकच्या, म्हणजे रस्त्याच्या पसंतीक्रमाच्या, आकड्यावरून एक निवडतं. म्हणून एकाच्या लॅपटॉपवर चालतं, शेजारच्याच्या नाही. सगळी रहदारी बोगद्यातून पाठवा, हा सल्लाही इथे निरुपयोगी आहे: संगणक नेहमी जास्त नेमका रस्ता आधी धरतो आणि घरच्या पट्ट्याचा रस्ता जास्त नेमका असतो.

उपाय एकच, दोन्हीकडचे आकडे वेगळे करा. पण प्रत्येकाच्या घरचं राउटर बदलत बसू नका. आज दहा घरं कराल, उद्या अकरावा माणूस कामावर येईल. ऑफिसचा पट्टा बदला. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ सगळीकडे असतात, १९२.१६८.२९ जिओच्या राउटरवर असतो, १७२.२०.१० आयफोनच्या हॉटस्पॉटला मिळतो. १०.७३.४१ असा सहसा कुणाकडे नसलेला पट्टा घ्या, आणि वायरगार्डसाठी १०.७३.४२ हा तिसराच ठेवा.

हे काम शनिवारी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर करा. हाताने पत्ता दिलेल्या यंत्रांची आधी कागदावर यादी करा: प्रिंटर, बोट लावून हजेरी घेण्याचं यंत्र, सीसीटीव्हीचा एनव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र), टॅलीचा लायसन्स सर्व्हर. हजेरीचं यंत्र तर हमखास विसरलं जातं आणि पगाराच्या वेळी आठवतं. या यंत्रांना त्यांच्याच पडद्यावरून नवे पत्ते द्या, राउटर सर्वांत शेवटी बदला. एखादं यंत्र मागे राहिलंच तर घाबरू नका. एका लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० द्या, त्याच स्विचला जोडा, ते यंत्र पुन्हा दिसेल. शेवटी प्रत्येकाच्या वायरगार्डमधल्या ‘अलाउड आयपीज’मध्ये नवा पट्टा लिहा. पुढे हाताने पत्ते देणं बंद करा, राउटरमधूनच यंत्रागणिक पत्ता राखून ठेवा.

तपासताना पिंगवर (यंत्र उत्तर देतं का हे पाहणारी कमांड) विसंबू नका, विंडोजची फायरवॉल दुसऱ्या पट्ट्यातून आलेला पिंग बहुधा अडवते. थेट रिमोट डेस्कटॉप लावून बघा, तोही संगणकाच्या नावाने नाही तर पत्त्याने. तपासणी ऑफिसच्या वाय-फायवरून करून काही कळत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा.

टॅलीबद्दल माझं मत पक्कं आहे. डेटाचं फोल्डर व्हीपीएनवरून घरच्या टॅलीत उघडू नका. ते कासवाच्या गतीने चालतं आणि मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडण्याची भीती असते. रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या संगणकावर जा आणि तिथलंच टॅली चालवा.

त्या संगणकाची स्लीप बंद करा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानावर) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. महावितरणचा गुरुवारचा शटडाऊन पुण्यात ठरलेलाच आहे आणि बटण दाबायला त्या दिवशी ऑफिसात कुणी असेलच असं नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा.

कुणी नोकरी सोडली तर त्याची वायरगार्डची की त्याच दिवशी राउटरमधून काढा. त्याचा विंडोजचा पासवर्ड बदलून भागत नाही. ‘की’ जिवंत असेपर्यंत तो ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येऊ शकतो, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांपर्यंत.