फोर्ट वर्थला सोलर गाडी नेण्याआधी

फ्यूज. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण मेन बॅटरीचे जादा फ्यूज किमान सहा घ्या.

हायस्कूलच्या मुलांच्या सोलर कार चॅलेंज या स्पर्धेचा उपक्रम १९९३ साली टेक्सासमध्ये सुरू झाला. एका वर्षी फोर्ट वर्थच्या टेक्सास मोटर स्पीडवेच्या दीड मैलाच्या ट्रॅकवर फेऱ्या असतात, तर पुढच्या वर्षी राज्याराज्यांतून रस्त्याने. गेल्या ट्रॅकच्या वर्षी आम्ही ह्यूस्टनहून गेलो होतो. दोन व्हॅन, एक ट्रेलर, सात पालक, पुरणपोळ्यांचे दोन डबे आणि जादा फ्यूज एक. हो, एकच.

झालं असं की प्लस-मायनसच्या दोन्ही केबल आम्ही फ्रेमच्या एकाच भोकातून नेल्या होत्या आणि त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे केबल कडेला घासू नये म्हणून बसवायची रिंग, नव्हता. पहिल्याच दिवशी अकराव्या फेरीला दोन्हींची सालं घासून निघाली, शॉर्ट झालं आणि फ्यूज उडाला. त्याने त्याचं काम चोख केलं. मग एका उत्साही पोराने शॉर्ट न शोधताच दुसरा फ्यूज बसवला. तोही उडाला. मी तिथेच उभा होतो आणि त्याला थांबवलं नाही. पुढचा दीड दिवस आमची गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, ऊन खात बसली.

दुकानातून आणू, असं म्हणू नका. आम्हीही तेच म्हणालो होतो. गाड्यांच्या पार्टच्या दुकानात मिळणारे पात्यांचे रंगीत फ्यूज साधारण ३२ व्होल्टचे असतात. आपल्या १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे ४८ व्होल्ट, आणि चार्ज होताना ५७ च्या आसपास. घरातला एसी करंट सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येतच नाही. कमी व्होल्टचा फ्यूज वितळला तरी आतली ठिणगी चालूच राहते आणि फ्यूजच पेटतो. म्हणून अँपिअरबरोबर फ्यूजवर डीसी व्होल्ट किती लिहिलेत तेही वाचा. असला फ्यूज आदल्या दिवशी मिळत नाही. आठ दिवस आधी मागवा. आणि नवा बसवण्याआधी मीटर लावून शॉर्ट शोधा, नाहीतर सहाचे सहा दहा मिनिटांत संपतील.

आता बाकीचं. हेल्मेट, पट्टे, आरसे, हॉर्न, अग्निशामक: हे नियमांच्या पुस्तकात आहे, वाचा. तपासणीत ब्रेक आणि स्टिअरिंग बघतात, ड्रायव्हरला झटपट बाहेर पडून दाखवावं लागतं. ते मुलांकडून घरीच वीस वेळा करून घ्या, हेल्मेट घालून. हेल्मेटशिवाय केलेला सराव बिनकामाचा, कारण हेल्मेट घातलं की पट्ट्याचं बक्कल दिसतच नाही.

पॅनलबद्दल दोन गोष्टी. एक, त्याला बंद करायचं बटण नसतं. ऊन पडलं की करंट आहेच, म्हणून वायरिंगला हात लावण्याआधी झाकायला जाड काळी ताडपत्री हवी. पांढरी चादर नको, तिच्यातून ऊन झिरपतं. दोन, कागदावरच्या आकड्यांवर जाऊ नका. सहा चौरस मीटर पॅनल, २० टक्के कार्यक्षमता, म्हणजे हिशोबाने १२०० वॅट. पण हा हिशोब पॅनल २५ अंशांवर असतानाचा. जुलैच्या दुपारी तेच पॅनल ६५ अंशांवर जातं आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्के गळती लागते. हातात हजारच्या आसपास राहतात. इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर याच्या दुप्पट खाते, आणि आपल्याला एवढ्यात माणसासकट गाडी पळवायची आहे! तेव्हा मुलांनी वेग वाढवायचा हट्ट धरला तर त्यांच्या हाती अँपिअरमीटर द्या.

तंबू माणसांसाठी असतो. संध्याकाळी चार्जिंगला लावलेल्या गाडीवर त्याची सावली पडू देऊ नका. एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या अख्ख्या माळेचा करंट खाली ओढते. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तंबू नेमका पश्चिमेलाच लागतो.

हत्यारं: टॉर्क पाना, एमसी-४ कनेक्टरचं (पॅनलच्या वायरी जोडायचा प्लग) क्रिम्पिंगचं, म्हणजे जोड दाबून बसवायचं, हत्यार (साध्या पकडीने दाबलेला जोड उन्हात तापतो), ग्रोमेट, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज सैल न होणारे), ट्यूब, पंप. नटांवर रंगाची रेघ मारून ठेवा, सैल झालेला लगेच दिसतो. फ्यूज लिहिले का? परत लिहा.

वायरिंगचा नकाशा कागदावर, दोन प्रती. फोनमधला उन्हात दिसत नाही.

ड्रायव्हर तिघे, आळीपाळीने. आत भट्टी असते. पाणी, मीठ-साखर, ओले टॉवेल. पालकांनी पिटमध्ये सूचना देऊ नयेत. मीही देणार नाही, प्रयत्न करेन.

जेवण ज्याचं त्याने बघा.

निघायच्या सकाळी ट्रेलरचे पट्टे, हवा, दिवे. नारळ फोडायचा तर पॅनलपासून लांब. फ्यूजची डबी ट्रेलरमध्ये नको, टूलबॉक्सच्या तळाशीही नको. पुढच्या सीटवर, माझ्या मांडीवर.