पोर्ट संपले म्हणून रेंज वाढवू नका : घरच्या मीडिया सर्व्हरवर या चुका टाळा

सिनेमा मध्येच अडकतो, लायब्ररीतली पोस्टर्स दिसेनाशी होतात आणि लॉगमध्ये ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ ही ओळ शेकड्यांनी येते. इंटरनेटवर पाहिलं की तोच सल्ला सगळीकडे सापडतो : पोर्ट (जोडणीला लागणारे क्रमांक) संपलेत, या दोन ओळी टाका, रीस्टार्ट करा. ओळी टाकल्यावर काही दिवस बरं चालतं. मग पुन्हा तेच, आणि आता सर्व्हरवर काय काय बदललंय हेही कुणाला आठवत नाही.

यातला मूळ गैरसमज आधी दूर करायला हवा. जेलीफिन हा मीडिया सर्व्हर ८०९६ पोर्टावर किंवा प्लेक्स ३२४०० वर ऐकत बसलेला असतो, तेव्हा बघणारा प्रत्येक जण त्याच एका पोर्टावर येतो. दहा जण आले म्हणून सर्व्हरचे दहा पोर्ट खर्च होत नाहीत. पोर्ट खर्च होतो तो सर्व्हरमधून बाहेर जाणाऱ्या जोडणीला : प्रॉक्सीकडून (पुढे उभं राहून विनंत्या आत पोचवणाऱ्या प्रोग्रॅमकडून) मीडिया सर्व्हरकडे, मीडिया सर्व्हरकडून पोस्टर आणि माहिती देणाऱ्या साइटकडे, एका स्क्रिप्टकडून दुसऱ्या सेवेकडे. लिनक्स यासाठी ३२७६८ ते ६०९९९ ही रेंज वापरतो, म्हणजे २८२३२ पोर्ट. हा आकडाही एका ठिकाणापुरता असतो. पलीकडचा पत्ता किंवा पलीकडचा पोर्ट वेगळा असेल, तर तोच स्थानिक पोर्ट पुन्हा वापरता येतो.

आता हिशेब करा. पाच जण बघतायत, प्रत्येकाला तीन सेकंदांचा एक तुकडा लागतो आणि प्रॉक्सी प्रत्येक तुकड्यासाठी नवी जोडणी उघडतो असं धरू. मिनिटाला शंभर जोडण्या झाल्या. बंद झालेली जोडणी टाइम-वेट या थांबण्याच्या अवस्थेत ६० सेकंद राहते, म्हणून एका वेळी अडकलेले पोर्ट शंभराच्या आसपास. २८२३२ भरायचे तर एकाच ठिकाणी सेकंदाला सुमारे ४७० जोडण्या सतत उघडायला हव्यात. घरातली माणसं सिनेमे बघून हे करू शकत नाहीत. तेव्हा पोर्ट खरंच संपत असतील, तर कुठेतरी न थांबता पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट आहे, जोडणी बंद न करणारं प्लगइन आहे किंवा प्रॉक्सीची मांडणी चुकली आहे. रेंज वाढवून यातलं काहीच बरं होत नाही.

चूक पहिली : लॉगमधली ओळ न वाचणं

‘पोर्ट संपले’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यात बऱ्याचदा भरलेली असते ती दुसरीच यादी. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसलं तर फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइली आणि जोडण्यांचे क्रमांक) संपलेत. त्याची सौम्य मर्यादा पुष्कळ ठिकाणी १०२४ च असते, आणि ती सेवेच्या सिस्टमडी फाइलमधल्या ‘लिमिट नोफाइल’ने वाढते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ असेल तर कॉनट्रॅकची, म्हणजे कर्नल ठेवतो त्या जोडण्यांची, यादी भरली आहे. एनजिनएक्स हा प्रॉक्सी ‘वर्कर कनेक्शन्स आर नॉट इनफ’ म्हणत असेल तर प्रॉक्सीची स्वतःची मर्यादा संपली. ती मुळात ५१२ असते, आणि प्रॉक्सी केलेल्या प्रत्येक विनंतीला दोन जोडण्या लागतात, एक पुढून आणि एक मागून. ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ सेवा सुरू होताना आलं तर तो एक ठरावीक पोर्ट कुणीतरी धरून बसलंय. चार तक्रारी, चार वेगळे उपाय. ओळ शब्दशः वाचायला दहा सेकंद लागतात, आणि नेमका तेवढा धीर नवशिक्यांकडे नसतो, याचं मनापासून वाईट वाटतं.

मोजणी अशी करा. आधी जोडण्या दाखवणारी ‘एसएस’ कमांड ‘-एस’ पर्यायासह चालवा, एकूण आकडे दिसतील. टाइम-वेट काही हजारांत नसेल तर टाइम-वेटमुळे पोर्ट संपताहेत ही शंका इथेच सोडा. हजारांत असेल तर फक्त टाइम-वेटची यादी काढा, पलीकडच्या पत्त्याचा रकाना वेगळा करा, सॉर्ट करून मोजा. सगळ्यात वर जो पत्ता आणि पोर्ट येईल, तिथे पाणी मुरतंय.

इथे एक बारकावा हमखास चुकतो. स्थानिक रकान्यात ८०९६ असलेले टाइम-वेट म्हणजे आत आलेल्या आणि सर्व्हरनं आधी बंद केलेल्या जोडण्या. त्या बाहेर जाणारा एकही पोर्ट अडवत नाहीत, त्यांना हात लावू नका. ज्यांच्या स्थानिक रकान्यात चाळीस-पन्नास हजारांतला आकडा आणि पलीकडच्या रकान्यात ८०९६ आहे, त्या पोर्ट खाताहेत. एकूण आकडा पाहून घाबरायचं आणि हे दोन रकाने बघायचेच नाहीत, हे फार वेळा दिसतं.

चूक दुसरी : रेंज १०२४ पासून ६५५३५ पर्यंत ताणणं

ही चूक सगळ्यात जास्त त्रास देते, कारण तिचं बिल उशिरा येतं. क्रम नेहमी सारखाच असतो. पोर्ट संपल्याची शंका येते, सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलमध्ये ‘१०२४ ६५५३५’ लिहिलं जातं आणि सगळं सुरळीत दिसतं. मीडिया सर्व्हर आधीपासूनच चालू असतो, त्याचा पोर्ट त्याच्या हातात असतो. काही आठवड्यांनी वीज जाते. मशीन पुन्हा सुरू होतं तेव्हा डाउनलोडची सेवा आणि चार स्क्रिप्ट मीडिया सर्व्हरच्या आधी उठतात आणि बाहेर जोडण्या उघडू लागतात. कर्नलच्या लेखी आता ३२४०० हाही एक मोकळा पोर्ट आहे, तो एखाद्या जोडणीला देऊन टाकतो. मग प्लेक्स उठतो, त्याला ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ मिळतं आणि तो सुरूच होत नाही. ऐकणाऱ्या सेवांची यादी काढली तर ३२४०० वर कुणीच ऐकत नसतं, म्हणून माणूस चक्रावतो. पोर्ट धरलेला असतो तो बाहेर गेलेल्या जोडणीनं, आणि ती त्या यादीत दिसत नाही. तोवर ती जोडणी आपोआप सुटते, दुसऱ्या रीस्टार्टला सगळं ठीक होतं आणि दोष मीडिया सर्व्हरच्या नव्या अपडेटवर जातो. अपडेट मागे घेतलं जातं, डेटाबेसचं जुनं बॅकअप शोधलं जातं. दोन संध्याकाळी अशा वाया जातात, आणि मूळ कारण सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये तसंच बसून राहतं.

बाहेर जोडणी करताना कर्नल रेंजच्या पहिल्या आकड्याशी जुळणारे, सम किंवा विषम, पोर्ट आधी उचलतो. १०२४ सम, ८०९६ सम, ३२४०० सम. म्हणजे नेमके हेच पोर्ट आधी उचलल्या जाणाऱ्या निम्म्यात येतात.

मुळातली रेंज ३२७६८ पासून सुरू होते म्हणून ३२४०० सुरक्षित राहतो. ती खाली न्यायचीच असेल, तर त्याच फाइलमध्ये ‘आयपी लोकल रिझर्व्ह्ड पोर्ट्स’ या सेटिंगमध्ये तुमच्या सगळ्या सेवांचे पोर्ट स्वल्पविराम देऊन लिहा. राखीव पोर्ट कर्नल आपणहून कुणाला देत नाही, सेवेनं नाव घेऊन मागितला तर देतो. नवी सेवा बसवली की तिचा पोर्ट त्या ओळीत आधी टाकायचा आणि मग ती सुरू करायची, ही सवय लावून घ्या.

टाइम-वेट कमी करण्याचे उतारे

‘टीसीपी फिन टाइमआउट’ १५ केल्यानं टाइम-वेट १५ सेकंदांचं होत नाही. ती सेटिंग फिन-वेट-२ या वेगळ्या अवस्थेची आहे. टाइम-वेटचे ६० सेकंद कर्नलच्या कोडमध्ये पक्के आहेत. ‘टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल’ तर २०१७ मध्ये आलेल्या ४.१२ कर्नलमधून काढूनच टाकलं, कारण एकाच राउटरमागच्या अनेक उपकरणांच्या जोडण्या त्यानं तुटायच्या. तरी ही ओळ अजून चिकटवली जाते. ‘टीसीपी टीडब्ल्यू रीयूज’ बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना खरंच मदत करतं, पण नव्या कर्नलमध्ये ते मशीनच्या आतल्या आत, लूपबॅकवर, मुळातच चालू असतं.

टाइम-वेटऐवजी क्लोज-वेटचा आकडा चढत असेल तर कर्नलची एकही सेटिंग कामाची नाही. पलीकडच्यानं जोडणी बंद केली आहे आणि आपला प्रोग्रॅम ती सोडत नाही. ‘एसएस’ला ‘-पी’ जोडून प्रोग्रॅमचं नाव काढा आणि प्लगइन एकेक करून बंद करून पाहा. एक सोपी खूण आहे : सेवा रीस्टार्ट केल्याक्षणी त्रास गेला तर गळती त्या सेवेतच आहे. रीस्टार्टनंतरही मिनिटभर तसाच राहिला आणि मग गेला, तर टाइम-वेट.

चूक : प्रॉक्सी दर विनंतीला नवी जोडणी उघडतो

लायब्ररीचं पान उघडलं की शेकडो पोस्टर्स एकदम मागितली जातात, आणि घरच्या मांडणीत टाइम-वेट वाढतो तो बहुधा इथे. एनजिनएक्समध्ये मीडिया सर्व्हर ‘अपस्ट्रीम’ म्हणून लिहा, त्यात ‘कीपअलाइव्ह १६’ द्या आणि प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करा. हा १६ चा आकडा प्रत्येक वर्करमागे रिकाम्या ठेवलेल्या जोडण्यांचा असतो, घराला एवढा पुरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘कनेक्शन’ हेडर. तो सरसकट रिकामा केला तर वेबसॉकेट (सतत उघड्या राहणाऱ्या दुतर्फा जोडण्या) तुटतात, मग फोनवरून टीव्ही चालवणं आणि एकत्र बघणं बंद पडतं. म्हणून लोक ‘मॅप’चा तयार तुकडा उचलतात. त्यात वेबसॉकेटसाठीची अपग्रेडची मागणी नसेल तेव्हा ‘क्लोज’ पाठवा असं लिहिलेलं असतं. त्या एका शब्दानं कीपअलाइव्ह पूर्ण निकामी होतं. ‘क्लोज’च्या जागी रिकामी अवतरणचिन्हं ठेवा. बदलानंतर लायब्ररीचं पान चार वेळा वर-खाली करा आणि ८०९६ कडे जाणारे टाइम-वेट पुन्हा मोजा.

कंटेनर असेल तर मोजणीची जागा बदलते

ब्रिज नेटवर्कवरच्या कंटेनरचं नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कची स्वतःची जागा, वेगळं असतं. होस्टवर चालवलेलं ‘एसएस’ आतल्या जोडण्या दाखवत नाही, आणि होस्टवर बदललेली पोर्ट रेंज आत लागू होत नाही. ‘एनएसएंटर’ला कंटेनरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि ‘-एन’ देऊन तिथे मोजा. आतली सेटिंग बदलायची तर कंपोज फाइलमधल्या ‘सिसकंट्रोल्स’खाली लिहा. कॉनट्रॅक मात्र होस्टवरच बघा, कारण कंटेनरची बाहेरची ये-जा तिथून होते. ‘एनएफ कॉनट्रॅक काउंट’ हा आकडा ‘मॅक्स’च्या जवळ असेल तर स्थिर झालेल्या जोडणीची मुदत पाहा. ती मुळात ४३२००० सेकंद असते, म्हणजे पाच दिवस. वाय-फायवरून अचानक गायब झालेला टीव्ही तेवढे दिवस यादीत जागा अडवतो. ८६४०० केली तरी घरात काही बिघडत नाही.

हजारो पोर्टांची सलग रेंज कंटेनरमधून प्रकाशित करू नका. टोरंट क्लायंट सुरू झाल्यावरच त्रास होत असेल तर सर्व्हरआधी राउटर तपासा. त्याच्या जोडण्या वेगवेगळ्या पत्त्यांना जातात, त्यामुळे भरते ती बहुधा राउटरची नॅट यादी. क्लायंटमध्ये एकूण जोडण्या २०० वर आणून बघा. विंडोजवर रेंज ४९१५२ ते ६५५३५, म्हणजे १६३८४ पोर्ट. तिथे इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये टीसीपीआयपीचे ४२२७ आणि ४२३१ हे क्रमांक शोधा. ४२३१ असेल तर पोर्ट खरोखर संपलेत. दोन्ही नसतील तर दुसरं कारण शोधा.