गोगलगायी आणण्याआधी

खाद्यात तांबं-जस्त घालून गोगलगायीच्या अंगच्या मेदाचं काय होतं ते पाहायचंय ना, मग गोगलगायी सगळ्यात शेवटी आण. वेळ मात्र पावसाळ्याचीच धर. बडोद्यात पाऊस ओसरून ऊन तापलं की त्या शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करतात, खाणं सोडतात आणि साठवलेल्यावर दिवस काढतात. मग मेद घटला तो धातूने की झोपेने, कोण सांगणार?

आधी घर. प्लॅस्टिकचा क्रेट आणि वर नायलॉनची मच्छरदाणी, बस्स. मी पहिल्या खेपेला खिडकीची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरली. गोगलगायी रात्रभर तिला चिकटून किसणीसारख्या जिभेने खरवडत बसायच्या, आणि साधं खाद्य खाणाऱ्यांच्या अंगातही जस्त चढलं. दोन महिने वाया. पितळी तोटीचं पाणीही नको. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं, ते आठव. पाणी डिस्टिल्डच घे. खाद्याची भांडी दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून मग त्याच पाण्याने खळबळून काढ.

खाद्य सगळ्या गटांसाठी एकाच घाण्याचं कर: गव्हाचं पीठ, ओट्स, अगार आणि बाटलीतलं कॅल्शियम कार्बोनेट. फळ्याचा खडू कुटू नकोस, तो बहुधा जिप्समचा असतो. शंभर ग्रॅम कोरड्या खाद्यात 10 मिलिग्रॅम तांबं हवं असेल तर मोरचूद 39 मिलिग्रॅम लागतो. तेवढंच जस्त हवं असेल तर सात पाण्याचं (हेप्टाहायड्रेट) झिंक सल्फेट 44. पाण्यात विरघळवूनच मिसळ, कोरडी चिमूट एकाच वडीत जाऊन बसते. प्रत्येक घाण्यातली एक वडी धातू मोजायला फ्रीजरमध्ये ठेव, कारण पिठात जस्त मुळातच असतं. आणि तुलनेच्या गटाला तांबं शून्य करायच्या भानगडीत पडू नकोस. गोगलगायीच्या रक्तातला प्राणवायू वाहणारा हिमोसायनिन तांब्यावरच चालतो.

आता खरी गोम. मोरचूद गोगलगायी मारायलाही वापरतात, तेव्हा त्या तो घातलेल्या खाद्याकडे पाठ फिरवणार हे धरूनच चाल. पोट रिकामं राहिलं की मेद तसाही उतरतो, आणि आपण तांब्याच्या नावाने बोंब मारतो. म्हणून रोज सकाळी उरलेलं उचल, 60 अंशांवर वाळव, तोल. शिवाय एक जादा क्रेट मांड: तांबेवाल्यांनी काल जेवढं खाल्लं तेवढंच साधं खाद्य त्यातल्यांना आज घालायचं. कंटाळवाणं आहे, पण याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही.

मेदाकडची तयारी वेगळी, आणि भांडीही वेगळी. शंखाच्या टोकाकडच्या वेटोळ्यातली तपकिरी पाचकग्रंथी आणि पाऊल, म्हणजे ती ज्यावर सरपटते तो मांसल भाग, वेगवेगळं काढ. मेद आणि धातू दोन्ही साठतात ते ग्रंथीत. ऊतीतला मेद ओढून काढायला एक ग्रॅमला 20 मिलिलिटर द्रावण, त्यात क्लोरोफॉर्म दोन भाग आणि मिथेनॉल एक, ही 1957ची फोल्च पद्धत. हे काचेतच, टेफ्लॉनच्या बुचाने आणि वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखाली (फ्यूम हूड); प्लॅस्टिकच्या नळीतून नको ते मेदात उतरतं. द्रावणात थोडं बीएचटी, म्हणजे मेद खवट होऊ न देणारं रसायन, आधीच घालून ठेव, कारण तांबं मेद खवट करतं, ऊत बाहेर काढल्यावरसुद्धा.

काढलेल्या मेदातले प्रकार वेगळे करायच्या टीएलसीच्या (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) प्लेटला कडेनेच धर. सेवउसळ खाऊन हात नीट न धुता मी एकदा प्लेट उचलली होती. फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल फवारून तापवल्यावर ट्रायग्लिसराइडच्या ठिपक्याशेजारी माझा अंगठा निळाजांभळा उमटला, रेषान् रेषा मोजता येईल असा. आणि हो, नळ्यांवर नावं पेन्सिलीने लिही. मार्करची शाई क्लोरोफॉर्मच्या एका थेंबाने वाहून जाते.