एकटीने बार्सिलोना फिरायचंय? मग या चुका टाळा

मी बार्सिलोनाला दोनदा गेले, दोन्ही वेळा एकटीच, पहिल्यांदा पाच दिवस आणि दुसऱ्यांदा आठ. पहिल्या ट्रिपचा प्लॅन एका मैत्रिणीने दिलेला होता, ती नवरा आणि दोन मुलांसोबत जाऊन आली होती, आणि प्लॅन छानच होता पण तो चार माणसांचा होता. चौघं असले की एक जण रांगेत थांबतो, एक पाणी आणतो, एक मॅप बघतो आणि एक सामानावर लक्ष ठेवतो. एकट्या माणसाला ही चारही कामं स्वतःच करायची असतात, त्यामुळे आपण कुठे अडकतो ती ठिकाणंही वेगळी असतात, म्हणून हे लिहितेय.

व्हिसा हातात नसताना नॉन-रिफंडेबल बुकिंग

स्पेन शेंगेनमध्ये येतं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका कारण मे-जूनला अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालेल. एकट्याने अर्ज करताना दिवसवार प्लॅन नीट लिहून जोडा, कुठल्या रात्री कुठे राहणार, खर्च कोण करणार, नोकरीवरून किती दिवस रजा, सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

आणि वाटेत विमान बदलायचं असेल तर लक्षात ठेवा, इमिग्रेशन बार्सिलोनालाच होईल असं नाही, ते शेंगेनमधल्या पहिल्या एअरपोर्टवर होतं. म्हणजे फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल तर तपासणी तिथेच. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपात नवी सिस्टिम आलीय, त्यात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे एक-सव्वा तासाचा लेओव्हर अजिबात घेऊ नका, तीन तास तरी ठेवा.

एअरपोर्टवर उतरल्या उतरल्या चुकीचं तिकीट

सगळे सांगतात की टी-कॅज्युअल घ्या, दहा फेऱ्यांचं कार्ड, स्वस्त पडतं. बरोबर आहे, शहरात तेच घ्या. पण एअरपोर्टच्या दोन्ही मेट्रो स्टेशनांवर ते चालत नाही, तिथे वेगळं एअरपोर्ट तिकीट लागतं. मी पोचले तेव्हा माझ्यापुढे एक कॉलेजातला मुलगा होता, पाठीवर मोठी सॅक, त्याने कार्ड टाकलं, गेट उघडलं नाही, परत टाकलं, पुसून टाकलं, मागे रांग वाढत गेली आणि बिचाऱ्याला सॅक घेऊन मागे फिरून मशीन शोधायला जावं लागलं.

मेट्रोची ती लाइन, एल नऊ सूद, तशीही शहराच्या मध्यावर जातच नाही, मध्ये कुठेतरी बदलावीच लागते. तुमचं टर्मिनल दोन असेल तर तिथून लोकल ट्रेन आहे, रोदालिएस म्हणतात, साधारण अर्ध्या तासाला एक, ती सांत्स आणि पासेच दे ग्रासियाला सोडते आणि तिच्यात टी-कॅज्युअल चालतं. टर्मिनल एकवर उतरलात तर दोनकडे जायला फुकट शटल बस आहे. रात्री उशिरा पोचत असाल तर यातलं काहीच करू नका, सरळ एरोबूस ही एअरपोर्टची बस पकडा, शहराच्या मध्यावर प्लासा कातालुन्याला उतरवते. तिचं तिकीट वेगळं, कुठल्याच पासात बसत नाही, पण दमलेल्या एकट्या माणसाला बॅगा घेऊन मेट्रो बदलायला लावण्यापेक्षा ते पैसे गेलेले बरे.

चुकून ४८ किंवा ७२ तासांचा ओला बार्सिलोना पास घेऊन बसला असाल तर हरकत नाही, त्यात एअरपोर्टची मेट्रो धरलेली आहे. फक्त तो पहिल्यांदा वापरला की घड्याळ सुरू होतं, म्हणून संध्याकाळी उगाच एका स्टॉपसाठी वापरून वाया घालवू नका.

साग्रादा फामिलिया: "तिथे गेल्यावर बघू"

नाही. हे प्रसिद्ध चर्च असं बघायला मिळणार नाही. तिकीट वेळेच्या स्लॉटनुसार ऑनलाइन मिळतं आणि सीझनमध्ये बरेच दिवस आधी संपतं. व्हिसा आला की पहिलं काम हे, कोणता दिवस आणि कोणती वेळ ते ठरवा.

वेळ कोणती हेच लोक चुकतात, मिळेल ती घेतात. हे चर्च १८८२ ला बांधायला घेतलं, १८८३ ला आर्किटेक्ट अंतोनी गौदीकडे आलं आणि त्याने आयुष्य त्यात घातलं, पण आतलं खरं काम करतो तो प्रकाश. सकाळी पूर्वेकडच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो, दुपारनंतर पश्चिमेकडून लाल-केशरी. मी पहिल्यांदा दुपारी साडेबाराला गेले होते, छान वाटलं, फोटो काढले, बाहेर आले. दुसऱ्यांदा संध्याकाळचा स्लॉट घेतला आणि आत पाऊल टाकलं तर ते झाडांसारखे वर फांद्या फुटलेले खांब एका बाजूने पेटल्यासारखे झाले होते, फरशीवर केशरी रंग सांडलेला आणि तो हळूहळू सरकत होता, माझ्या पांढऱ्या ओढणीवर आला आणि पुढे गेला. मी पाऊण तास एकाच बाकावर बसून होते. कुणी "चल आता" म्हणणारं सोबत नव्हतं, एकटं जाण्याचा हा फायदा मात्र पुरेपूर घ्या, त्या दिवशी पुढे काहीही ठेवू नका.

तिकीट संपलं असेल तर काय? रात्री आणि भल्या सकाळी परत परत चेक करा, एका माणसाचं तिकीट मध्येच मोकळं होतं, चौघांचं होत नाही. तरी नाही मिळालं तर गाइडेड टूरचा स्लॉट बघा, महाग असतो पण बऱ्याचदा शिल्लक असतो. मनोऱ्यावर जायचं तिकीट वेगळं असतं, पाऊस-वारा असला की लिफ्ट बंद ठेवतात, आणि वर बॅग नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावी लागते. खाली येताना अरुंद गोल जिना आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर मनोऱ्याचा नाद सोडा. खांदे झाकलेले हवेत, हे चर्च आहे, एक ओढणी पर्समध्ये असू द्या.

गौदी एका दिवसात उरकणे

सकाळी साग्रादा, मग काझा बात्यो आणि ला पेद्रेरा या गौदीच्या इमारती, दुपारी त्याचंच पार्क ग्वेल. असे प्लॅन मी डझनाने बघितलेत. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत डोळे काही घेतच नाहीत. काझा बात्यो आणि ला पेद्रेरा एकाच रस्त्यावर आहेत, दोन्हींची तिकिटं महाग आहेत, एकच आतून बघा आणि दुसरं समोरच्या फुटपाथवरून. माझं मत ला पेद्रेराची गच्ची.

पार्क ग्वेल टेकडीवर आहे हे मॅपवर कळत नाही. लेसेप्स स्टेशनला उतरून चढ चढत गेलात तर जुलैच्या उन्हात जीव जातो. व्हायकार्का स्टेशनकडून गेलं की चढाचा बराच भाग रस्त्यावरच्या सरकत्या जिन्यांनी होतो, किंवा प्लासा कातालुन्याहून २४ नंबरची बस घ्या. मोझॅकचे बाक आणि तो प्रसिद्ध सरडा आहे त्या भागाला स्लॉटचं तिकीट लागतं आणि तिकिटावरच्या वेळेपासून अर्ध्या तासात आत जावं लागतं.

रस्ता चुकलात तर एक युक्ती. एशाम्पला भाग १८५९ च्या प्लॅनप्रमाणे चौकटीच्या वहीसारखा आखलाय, सगळे चौक सारखेच दिसतात, चारही कोपरे कापलेले, त्यामुळे मेट्रोतून वर आलं की दिशाच कळत नाही. इथली माणसं डावं-उजवं सांगत नाहीत, "मार" म्हणजे समुद्राकडे आणि "मुंतान्या" म्हणजे डोंगराकडे असं सांगतात. रस्ता उतरतोय ती बाजू समुद्राची. एवढं कळलं की फोन खिशातच राहतो.

आणि फोन खिशात राहिलेलाच बरा

बार्सिलोनात मारामारी, लूटमार यांची भीती फार बाळगायची गरज नाही, पण पाकीटमारीची नक्कीच. ला रांब्ला हा गजबजलेला रस्ता, मेट्रोची दारं, साग्रादासमोरची गर्दी. तीन चुका नेहमीच्या: कॅफेच्या टेबलावर फोन ठेवणं, बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवणं, आणि मेट्रोत दाराजवळ उभं राहून मॅप बघणं. बॅगेचा पट्टा मांडीखालून घेऊन बसा. सगळी कार्डं एका पाकिटात नकोत, एक कार्ड आणि थोडे युरो हॉटेलच्या रूमवर ठेवा.

बार्सेलोनेताच्या बीचवर एकट्याने पोहायला जायचं तर बॅग कोण बघणार? कुणीच नाही. सांगायचा मुद्दा, पासपोर्ट-फोन रूमवर ठेवून फक्त टॉवेल, पाण्याची बाटली आणि थोडी चिल्लर घेऊन जा, रूमची किल्ली वॉटरप्रूफ पाऊचमध्ये गळ्यात.

ओळख पटेल असा एक कागद मात्र कायम अंगावर हवा: पासपोर्टची झेरॉक्स, मागे हॉटेलचं नाव, घरचा नंबर, रक्तगट. यावर मी इतकं का बोलतेय सांगते. ७ जून १९२६ ला गौदीला याच शहरात ट्रामने उडवलं, अंगावर जुनेपुराणे कपडे, खिशात ओळखीचा कागद नाही, लोकांना तो भिकारी वाटला, मदत वेळेवर मिळाली नाही आणि तीन दिवसांनी तो गेला. ज्या शहराला त्याने ओळख दिली तिथे त्यालाच कुणी ओळखलं नाही. त्याची समाधी साग्रादाच्या तळघरात आहे.

फोन-पासपोर्ट गेलाच तर: ११२ इमर्जन्सी नंबर. आधी कार्ड ब्लॉक, मग पोलिसात तक्रार, तिला देनुन्सिया म्हणतात, तिची कॉपी इन्शुरन्सला आणि पासपोर्टला दोन्हीकडे लागते. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो स्वतःच्या ईमेलवर टाका आणि त्या ईमेलचा पासवर्ड पाठ हवा, ओटीपी चोरीला गेलेल्या फोनवरच येणार असेल तर काही उपयोग नाही.

सातला जेवायला बाहेर पडणे

आपल्याला सात-आठला भूक लागते. तिथे दुपारचं जेवण दीड ते साडेतीन आणि रात्रीचं नऊनंतर, मधल्या वेळात किचन बंद, जे उघडं दिसतं ते टुरिस्टांसाठीचं, रांब्लावरचं, महाग आणि बेचव. त्यापेक्षा दुपारी पोटभर जेवा. आठवड्याच्या दिवशी मेनू देल दिया मिळतो, दोन डिश, ब्रेड, ड्रिंक आणि गोड, ठरलेल्या किमतीत, आणि एकट्याला तो अगदी पुरतो.

पायेया, म्हणजे तिथला प्रसिद्ध भात, खायचा बेत असेल तर मेनूकार्डावर बारीक अक्षर वाचा, बऱ्याच ठिकाणी कमीत कमी दोन माणसांची ऑर्डर घेतात. एकट्याने टेबल अडवलं म्हणून वेटर नाराज दिसला तर सरळ बारच्या काउंटरला बसा, एकट्यांची ती हक्काची जागा, पुढ्यातच ताटल्या मांडलेल्या असतात, बोट दाखवून मागता येतं.

शाकाहारी लोकांनो, नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. मिक्स सॅलडमध्ये हमखास ट्यूना असतो, क्रोकेतांमध्ये हॅम, डाळीसारख्या दिसणाऱ्या मसुरात सॉसेज, आणि बिकिनी नावाचं चीज सँडविच मागवलंत तर त्यातही हॅम. हे वाक्य पाठ करा: "सोय बेखेतारियाना, सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून", म्हणजे मी शाकाहारी आहे, मांस नको, हॅम नको, ट्यूना नको. पुरुष असाल तर बेखेतारियानो. बिनधास्त मागवा असं: पा आम्ब तुमाकेत, म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची (वरती मासा घालू नका सांगा), बटाट्याचे ब्रावास. त्या भाजलेल्या वांग्याचा वास आला आणि मला थेट भरीत आठवलं. कार्ड मशीनने रुपये की युरो विचारलं तर नेहमी युरो दाबा, रुपये दाबलं की रेट वाईट लागतो.

मोन्सेरातला चुकीच्या स्टेशनवर उतरणे

एक दिवस या डोंगरावरच्या मठाला द्याच. प्लासा एस्पान्याहून आर ५ ट्रेन, तासाभराचा प्रवास. वर जायचे मार्ग दोन: रोपवेने जायचं तर मोन्सेरात एरी स्टेशन, दातेरी चाकाच्या छोट्या ट्रेनने जायचं तर त्याच्या पुढचं मोनिस्त्रोल. तिकीट घेतानाच कोणता ते ठरवावं लागतं. एरीला निम्मा डबा उतरतो, त्यांच्या मागोमाग उतरू नका, आधी स्वतःचं तिकीट वाचा. चुकून उतरलात तर पुढची गाडी साधारण तासाने, अशा वेळी सरळ नवीन रोपवे तिकीट घेऊन वर जा, तासभर फलाटावर बसण्यापेक्षा ते परवडतं. वर वारा असतो, उन्हाळ्यातही जॅकेट न्या.

वार

सोमवारी पिकासो म्युझियम बंद, मोंजुइक टेकडीवरचं कातालान कलेचं म्युझियमही बंद. रविवारी बोकेरिया मार्केट आणि बहुतेक दुकानं बंद, म्हणून घरच्यांसाठीची खरेदी रविवारवर टाकू नका.

आणि घरी कळवायची वेळ

उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे तुम्ही साडेनऊला जेवायला बसता तेव्हा इथे रात्रीचा एक वाजलेला असतो आणि आई जागी असते. जेवून आल्यावर फोन करू असं ठरवू नका. संध्याकाळी सहाला, रूमवर पाय धुवायला येता तेव्हाच मेसेज टाका: आज कुठे होते, आता कुठे जाणार, किती वाजता परत येणार. परत आल्यावर एक टिंब टाकलं तरी पुरतं, सकाळी उठल्यावर ती बघते.