रडारवर लाल दिसलं म्हणजे 100 मिमी नव्हे! पाऊस मोजताना या चुका टाळा

जून लागला की ग्रुपवर मुंबई रडारचे स्क्रीनशॉट पडायला लागतात आणि खाली कोणीतरी हमखास लिहितं, "लाल आलाय, आज 100 मिमी पक्का". असं नसतं हो. रडार पाऊस मोजतच नाही, ते थेंबांवर आपटून परत आलेला सिग्नल मोजतं, तो असतो डीबीझेडमध्ये (परत आलेल्या सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि त्याचे मिमी करायला मध्ये एक सूत्र लागतं, सगळा घोळ तिथेच आहे.

थेंबाचा व्यास दुप्पट झाला की सिग्नल 64 पट होतो. म्हणजे 4 मिमीचा एक टपोरा थेंब 1 मिमीच्या 4096 थेंबांएवढा चमकतो, पाणी मात्र त्यात फक्त 64 थेंबांचं. म्हणून सूत्र कुठलं लावलंय ते बघा. 40 डीबीझेड घ्या, मार्शल-पामरचं 1948 चं सूत्र लावलं तर ताशी साधारण 11-12 मिमी येतात, उष्ण कटिबंधातल्या पावसाचं सूत्र लावलं की तेच 21-22 होतात. रंग तोच, पाऊस जवळपास दुप्पट! आणि एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात जांभळं-लाल दिसलं तर ती गारपीट असू शकते, त्याचे मिमी काढत बसू नका.

दुसरी चूक म्हणजे 'मॅक्स झेड'ची इमेज बघून जमिनीवरचा पाऊस ठरवणं. ती त्या जागेवरच्या उभ्या ढगातली सगळ्यात जास्त व्हॅल्यू दाखवते, मग ती 6 किमी वर का असेना. पावसासाठी 'एसआरआय' (जमिनीलगत ताशी किती पडतोय ते दाखवणारी इमेज) बघा, आणि ठरावीक वेळात साठलेल्या एकूण पावसासाठी 'पीएसी'. इमेजवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर साडेपाच तास मिळवा, 09:00 म्हणजे दुपारचे अडीच, यावरून किती भांडणं होतात विचारू नका.

आता सह्याद्री. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी वळते, त्यामुळे अर्ध्या अंशावर सोडलेला किरण 100 किमीवर सुमारे दीड किमी उंच असतो आणि 200 किमीवर 4 किमीच्या वर. घाटातले पावसाळी ढग बरेचदा बुटके, किरण त्यांच्या डोक्यावरूनच जातो, वर डोंगर आडवा येतो तो वेगळाच. मग महाबळेश्वरला धो धो आणि रडारवर फिकट हिरवं. सॅटेलाइटचंही तेच दुखणं, त्याचा इन्फ्रारेड कॅमेरा ढगाच्या माथ्याचं तापमान बघतो आणि माथा थंड तितका पाऊस जास्त असं धरतो, बुटक्या ढगाचा माथा गरमच, त्यामुळे पाऊस कमी दाखवतो, आणि उंचावरच्या कोरड्या पांढऱ्या ढगांना मात्र उगाच पाऊस समजतो.

मग पर्जन्यमापक खरा का? खरा, पण त्याच जागेपुरता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी आणि त्याच शहरात कुलाब्याला 73, यातला एकच आकडा हातात असता तर काय समजला असतात? शिवाय ऑटोमॅटिक मापकात छोटी बादली भरली की उलटते आणि एक टिक मोजली जाते, मुसळधार पावसात उलटता उलटता थोडं पाणी निसटतं. पाला, पक्ष्यांची घाण अडकली तर लगेच ओळखता येतं: पाऊस थांबून दोन तास झाले तरी टिक, टिक, टिक एकाच संथ चालीत चालूच, म्हणजे नरसाळ्यात पाणी तुंबलंय. साफ करा आणि तपासा. नरसाळं 20 सेंमी व्यासाचं असेल तर 314 मिली पाणी अर्ध्या तासात हळूहळू ओता, 10 मिमी यायला हवेत. भसकन ओतलंत तर टेस्टच फुकट.

रडार आणि मापकाची तुलना करताना दोन्हीकडे वेळेची खिडकी सारखीच ठेवा. हवामान खात्याचा दिवस सकाळी 8:30 ते 8:30 असतो, रात्री बारा ते बारा नाही. आणि एका मापकाच्या एका दिवसावरून अख्ख्या रडारला दुरुस्तीचा गुणक लावू नका, बरेच मापक आणि बरेच तास लागतात.

शेतकऱ्यांसाठी एक. महसूल मंडळात (काही गावांचा मिळून गट) 24 तासांत 65 मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात, तो आकडा मापकाचा, रडारच्या स्क्रीनशॉटचा नाही. पण शेजारच्या दोन मंडळांत 80 आणि 90 आले, मधल्यात 4, आणि रडारवर तिन्हींवर तोच पट्टा दिवसभर ठाण मांडून बसलेला दिसतोय, तर तेच स्क्रीनशॉट जोडून मधला मापक तपासायचा अर्ज लगेच द्या.